ओझच्या आठ छापचित्रांच्या नोंदी : पुस्तकाशी इमान किती?

काम असं : एल. फ्रँक बॉम यांच्या 'द वंडरफुल विझार्ड ऑफ ओझ' (१९००) या पुस्तकावरून आठ स्क्रीनप्रिंट. कागद ३०० जीएसएम कॉटन, अर्धा इम्पीरियल म्हणजे १५ बाय २२ इंच. प्रत्येक चित्राला तीन ते पाच स्क्रीन (रंगागणिक एक ताणलेली जाळी), आवृत्ती ४० प्रतींची. चित्रं भिंतीवर लागणार आहेत, पुस्तकात बसणार नाहीत. गटातले सगळे वाद याच एका गोष्टीवरून निघतात, म्हणून ती सुरुवातीलाच नोंदवून ठेवली.

३ जून

आधी हक्कांचं बघून घेतलं. बॉम १९१९ मध्ये गेले, मूळ चित्रकार डब्ल्यू. डब्ल्यू. डेन्स्लो १९१५ मध्ये. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, त्यामुळे मजकूर आणि मूळ चित्रं दोन्ही मोकळी आहेत. १९३९ चा सिनेमा मात्र अमेरिकेत अजून मोकळा नाही. माणकांचे लाल बूट, चेटकिणीची हिरवी कातडी हे सिनेमाचं. ते घ्यायचं नाही.

वहीत तीन रकाने आखले : मजकुरात आहे, डेन्स्लोनं काढलं, सिनेमातून आलं. पुस्तक पुन्हा वाचताना प्रत्येक तपशील कुठल्यातरी एका रकान्यात टाकायचा. 'हे तर पुस्तकातच आहे' असं छातीठोकपणे सांगितलेलं बरंच काही दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या रकान्यात जाऊन पडतं. पत्र्याच्या लाकूडतोड्याच्या डोक्यावरचं नरसाळं डेन्स्लोचं, या पुस्तकाच्या मजकुरात ते नाही. पश्चिमेच्या चेटकिणीच्या डोळ्यावरची पट्टीही त्याचीच. मजकूर एवढंच म्हणतो की तिला एकच डोळा होता आणि तो दुर्बिणीसारखा लांबचं बघायचा. गोष्टीतली मुलगी डोरोथी, तिच्या दोन लांब वेण्याही डेन्स्लोच्या. १९०७ च्या ओझच्या पुस्तकात चित्रकार जॉन आर. नील यांनी तिचे केस आखूड आणि सोनेरी केले, तेव्हा कुणाचंही काही अडलं नाही.

'मूळ पुस्तक' म्हणजे नुसता मजकूर, हेही इथे पुरतं खरं नाही. बॉम आणि डेन्स्लो यांचा पुस्तकावर संयुक्त हक्क होता, आणि पहिल्या आवृत्तीत काही पानांवर मजकूर रंगीत चित्राच्या वरच छापलेला आहे. तरीही डेन्स्लोला प्रमाण मानायचं नाही असं ठरलं. त्याची चित्रं समोर ठेवून काढलं की हात आपोआप त्याच्या रेषेवर जातो.

९ जून

इमानाची कसोटी ठरली : हा तपशील बदलला तर पुस्तकातलं दुसरं एखादं वाक्य खोटं पडतं का? पडत असेल तर हात लावायचा नाही. पडत नसेल तर मोकळीक.

डोरोथीचा फ्रॉक या कसोटीला पुरेपूर उतरतो. निळ्या-पांढऱ्या चौकटींचं गिंगहॅम (सुती कापड), धुऊन धुऊन निळा फिका पडलेला. वरवर पाहता ही नुसती सजावट. पण पुढे बोक हा मंचकिन (ओझच्या निळ्या प्रदेशातला रहिवासी) तिला सांगतो की निळा हा मंचकिनांचा रंग आणि पांढरा चेटकिणींचा, म्हणून तू आमच्या बाजूची चेटकीण आहेस हे आम्ही ओळखलं. फ्रॉक लाल केला की हा संवाद कोसळतो. त्याच पानांत तिचं सनबॉनेट (उन्हाची टोपी) गुलाबी आहे, ते कुठलं वाक्य तोलत नाही. दुसऱ्या चित्रात तो रंग गाळला आणि एक स्क्रीन वाचली.

मंचकिनांची उंचीही धरून ठेवायची. मजकुरात ते डोरोथीएवढे उंच आहेत आणि ती वयाच्या मानानं थोराड आहे. म्हणजे बुटके, पण तिच्या गुडघ्याएवढे नव्हेत. टोप्या डोक्यावर फूटभर उंच निमुळत्या गेलेल्या, कडेला घंट्या. टोपी धरून मंचकिन डोरोथीपेक्षा उंच दिसतो आणि चित्राची मांडणी आपोआप सुटते.

गटातला विरोधी सूर असा : पुस्तकावर जीव असलेल्या माणसाला सनबॉनेट गुलाबी नसलेलं खटकेलच. खटकेल. पण चित्र मजकुराशेजारी असतं तेव्हा वाचक क्षणात पडताळून बघतो. भिंतीवरच्या चित्राला त्याचं त्यालाच उभं राहावं लागतं, आणि पाचवा रंग तिथे ओझं होतो.

१४ जून

रंगयोजना. इथे डेन्स्लोकडून एक गोष्ट उघडपणे घेतली. पुस्तकात गोष्ट जसजशी प्रदेश बदलते तसतसा मजकुरातल्या चित्रांचा जोडरंगही बदलतो : कॅन्ससला करडा-तपकिरी, मंचकिनांकडे निळा, पाचूनगरीत हिरवा, विंकींकडे पिवळा, क्वाडलिंगांकडे लाल. प्रदेशांचे हे रंग मजकुरातही आहेतच.

आमच्याकडे प्रत्येक चित्राला एक प्रदेशरंग, एक गडद रेषारंग, आणि उरलेली एक ते तीन स्क्रीन गरजेप्रमाणे. शाई ॲक्रिलिक, पाण्याची. प्रदेशरंगात ट्रान्स्परंट बेस (रंगहीन पारदर्शक माध्यम) निम्म्याला निम्मा, म्हणजे एकावर दुसरा रंग छापला की तिसरा फुकट मिळतो. रिटार्डर (शाई सावकाश वाळवणारं द्रव्य) ५ टक्के. १० च्या वर गेलं की शाई कागदावर दिवसभर चिकट राहते आणि दुसरा रंग ती उचलतो. मेश (जाळीची वीण, टी म्हणजे सेंटिमीटरला धागे) रेषेसाठी १२० टी, सपाट रंगासाठी ९० टी.

२२ जून

कॅन्ससचं चित्र. मजकूर इथे हट्टी आहे : माळरान करडं, नांगरलेली जमीन उन्हानं भाजून करडी, गवत करडं, घराचा रंग उडून तेही करडं, हेन्रीकाका दाढीपासून बुटांपर्यंत करडे, एमकाकूच्या डोळ्यांतली चमक आणि गालांचा रंगही गेलेला. डोरोथीचा कुत्रा टोटो तेवढा करडा नाही. तो काळा.

पांढऱ्यात काळा घालून केलेला करडा निळसर आणि थंड येतो. उन्हात भाजलेल्या जमिनीऐवजी ढगाळ हवा दिसते. तीन करडे निळा आणि नारिंगी एकमेकांत मारून केले, आणि पांढरा शेवटी घातला. जमिनीच्या करड्यात चिमूटभर रॉ अंबर (मातकट तपकिरी). शाई ओली असताना तिन्ही वेगळे दिसतात, वाळल्यावर जवळ येतात, कारण ॲक्रिलिक वाळताना गडद होतं. म्हणून रंग डब्यात बघून ठरवायचा नाही. पट्टीवर ओढायचा, हेअर ड्रायरनं वाळवायचा, मगच पुढे.

शुद्ध काळा या चित्रात फक्त टोटोला. रेषारंगसुद्धा गडद करडा. मजकुराशी इतकं घट्ट राहूनही चित्र मेलं नाही, उलट सगळी नजर त्या कुत्र्यावर जाते. बॉमनं तो तपशील उगीच लिहिलेला नाही.

१ जुलै

पाऊस लागला. त्यामुळे हे दोन त्रास, एकदाच लिहून ठेवतो.

इमल्शन, म्हणजे स्क्रीनवर चढवलेला, प्रकाशानं कडक होणारा थर. डायझो इमल्शन हाताला कोरडं लागतं, पण आत ओल असते. ओल असेल तर एक्स्पोजरमध्ये ते पुरतं कडक होत नाही आणि वॉश करताना बारीक रेषा पाण्याबरोबर निघून जातात. लोक मग एक्स्पोजर वाढवतात, आणि रेषा बुजतात. खरा उपाय वाळवण्यात आहे : फ्रेम आडवी, छापायची बाजू खाली, बंद खोलीत डीह्युमिडिफायर, पंखा, रात्रभर. हीटर लावायचा असेल तर ४० अंशांच्या आत. त्यानंतर पॉझिटिव्हवर (चित्र असलेल्या पारदर्शक फिल्मवर) पुठ्ठा मिनिटामिनिटानं सरकवत स्टेप टेस्ट, म्हणजे वेळेची चाचणी, घ्यायची. उन्हाळ्यातली वेळ पावसाळ्यात चालत नाही.

कागद. कॉटनचा कागद दमट हवेत फुगतो, आणि ग्रेनच्या (कागदातल्या तंतूंच्या) आडव्या दिशेनं जास्त. २२ इंचांत एक-दीड मिलिमीटरचा फरक पडला तर चौथा रंग बसतच नाही. सगळे कागद एकाच ग्रेनचे कापले, छापण्याआधी त्याच खोलीत दिवसभर टांगले, आणि एका चित्राचे सगळे रंग सलग दिवसांत घेतले. मध्ये चार दिवस गेले की कागदाचं माप बदललेलं असतं. ट्रॅपिंग (शेजारचे रंग कडेला एकमेकांवर चढण्याची पट्टी) पाऊण मिलिमीटर ठेवलं. इथे रेषा जाड आहे, लपतं.

८ जुलै

चांदीचे बूट. मजकुरात चांदीचे, टोकं निमुळती. सिनेमावाल्यांनी टेक्निकलरमध्ये उठून दिसावेत म्हणून ते लाल केले. तो निर्णय पडद्यासाठी अगदी बरोबर होता, कारण चांदी पडद्यावर राखाडी दिसते. स्क्रीनप्रिंटला ही अडचण नाही, आमच्याकडे खरी चांदीची शाई आहे. नाव चांदीचं, आत ॲल्युमिनियमची पूड.

ती पूड १२० टी मेशमधून जात नाही, अडकते आणि चौथ्या-पाचव्या प्रतीपासून ठिपके सुटायला लागतात. ५५ टी घेतली. मोठ्या भोकांच्या मेशला बारीक कड कातरलेली येते, म्हणून बुटाची कड चांदीनं द्यायचीच नाही. चांदी अर्धा मिलिमीटर आत आणि वरून गडद रेषा. पांढऱ्या कागदावर थेट छापलेली चांदी पत्रावळीच्या मागच्या कागदासारखी मळकट दिसते. खाली गडद निळ्याचा थर दिला की तीच झळकते. वाळल्यावरही ती बोटाला लागते, तेव्हा रेषेचा रंग शेवटी आणि प्रतींमध्ये ग्लासिन पेपर.

आठवं चित्रही बुटांचंच. शेवटी डोरोथी उडत घरी जाते, वाटेत बूट पायांतून निसटतात आणि वाळवंटात कायमचे हरवतात. मजकूर एवढ्यावर थांबतो, ते पडलेले कुणी पाहत नाही. तिथे काय काढायचं हे संपूर्ण आमचं : रिकामी वाळू, एक बूट उभा, एक आडवा. कुठलंही वाक्य खोटं पडत नाही.

१५ जुलै

बुजगावणं. त्याची गोष्ट तो स्वतः सांगतो : शेतकऱ्यानं आधी कान रंगवले, ते सरळ आले नाहीत. मग उजवा डोळा निळ्या रंगानं, आणि दुसरा डोळा जरा मोठा करू म्हणून तो मोठा. चेहरा म्हणजे छोटं पोतं, त्यावर रंगवलेलं. म्हणून डोळे रेषारंगात न काढता ब्रशनं थेट फिल्मवर अपारदर्शक शाईत मारले, फराटा दिसला पाहिजे. डावा डोळा उजव्याच्या सव्वापट. दीडपट केला की तो विदूषक होतो, बरोबरीचा केला की बाहुला.

पॉझिटिव्ह उलटी लागली तर मोठा डोळा उजवीकडे जातो. फिल्मच्या कोपऱ्यावर 'उ' लिहून ठेवायचं.

१८ जुलै

पत्र्याचा लाकूडतोड्या. मंतरलेल्या कुऱ्हाडीनं आधी डावा पाय गेला, मग उजवा, मग हात एकामागून एक, मग डोकं, शेवटी धडाचे दोन तुकडे. प्रत्येक वेळी पत्राकाम करणाऱ्या कारागिरानं पत्र्याचा भाग बसवला. म्हणजे सांधे हवेत, आणि धडावर उभा नाहीतर आडवा जोडाचा एक डाग हवाच. नरसाळं काढलं नाही, डोकं गुळगुळीत. बघणाऱ्यांना तो ओळखू येईना, म्हणून तेलाचा डबा पुढे आणला. तो मजकुरातला आहे.

२६ जुलै

पाचूनगरी. सगळ्यात अवघड चित्र, कारण इथे मजकूर स्वतःशीच भांडतो.

वेशीवरचा रखवालदार सगळ्यांना हिरव्या काचांचे चष्मे चढवतो, टोटोलासुद्धा, आणि मागून सोनेरी पट्ट्यांना कुलूप लावतो. आत सगळं हिरवं : संगमरवर हिरवा, आकाश हिरवट, पॉपकॉर्न हिरवं, लिंबू सरबत हिरवं, मुलं त्याचे पैसे देतात तेही हिरवे. शहर सोडून चष्मे उतरल्यावर मात्र डोरोथीला राजवाड्यात मिळालेला हिरवा रेशमी पोशाख पांढराशुभ्र निघतो आणि टोटोच्या गळ्यातली फीतही. पुढे जादूगार कबूल करतो की इतकी वर्षं हिरवे चष्मे लावून लोकांना हे शहर खरंच पाचूचं वाटायला लागलंय. म्हणजे शहर हिरवं नाही.

पण चष्मे चढायच्या आधीच दुरून आकाशात हिरवी झळाळी दिसलेली असते. तट भडक हिरवा असतो. आणि तो रखवालदार हिरव्या कपड्यांत असतो, त्याची कातडीही हिरवट असते. हे सगळं नुसत्या डोळ्यांनी पाहिलेलं.

शहर हिरव्या शाईत छापलं तर पोशाखाचं वाक्य खोटं. सगळं पांढरं छापलं तर तटाचं वाक्य खोटं. आमचा तोडगा : तट, वेस आणि रखवालदार खऱ्या हिरव्या शाईत. तटाच्या आतलं शहर कोऱ्या कागदाचं, त्यावर रेषा. सोबत हिरव्या फिल्मचा पुठ्ठ्याचा चष्मा. कल्पना नवी नाही, हिरव्या चष्म्यासकट निघालेली आवृत्ती आहे. पण एकाच चित्रात दोन्ही वाक्यं खरी ठेवायची असतील तर दुसरा मार्ग दिसत नाही.

४ ऑगस्ट

फिल्मच्या चाचण्या. हिरवी फिल्म हिरवाच प्रकाश पुढे सोडते. त्यामुळे कोरा कागद हिरवा दिसतो, लाल आणि निळी शाई काळपट होते, आणि फिकी हिरवी शाई कागदात विरघळून जाते. पिवळ्याचं लोकांना आश्चर्य वाटतं : पिवळी शाई हिरवा प्रकाशही परत फेकते, म्हणून चष्म्यातून ती झगझगीत हिरवी दिसते आणि कागदापासून जवळजवळ वेगळी काढता येत नाही.

सरबताचा ग्लास इथे हाताशी आला. फिकं पिवळं सरबत, लाल बारीक रेषेत ग्लास, शेजारी मुलाच्या हातात तांबूस-तपकिरी नाणी, टोपलीत कोऱ्या कागदाचे पॉपकॉर्न. चष्म्याशिवाय साधा ठेला. चष्मा लावला की सरबत हिरवं, पॉपकॉर्न हिरवे, नाणी काळपट हिरवी. मजकुरात जे लिहिलंय ते वेगळी हिरवी शाई न वापरता घडतं.

अडलं ते तटापाशी. पहिल्या प्रुफात तटाची हिरवी चष्म्यातून पार नाहीशी झाली, तटाशिवाय शहर. हिरव्यात ६ टक्के काळा घालून ती खाली आणली आणि दगडांच्या सांध्यांना लाल रेषा दिली. आता चष्म्याशिवाय तट हिरवा, चष्म्यातून गडद, पण उभा.

स्टेशनरीच्या दुकानातला जिलेटिन कागद चालत नाही. तो फिका असतो, लाल रेषा त्यातून लालच दिसते. दुहेरी घातला तर धूसर होतो. नाटकाच्या लाइटवाल्यांकडची गडद हिरवी पॉलिएस्टर फिल्म एकेरीच पुरते. निवड करताना सोपी परीक्षा : पांढऱ्या कागदावर लाल पेन्सिलनं रेघ मारायची आणि फिल्ममधून बघायची. काळी दिसली तर घ्यायची. चष्म्याचा पुठ्ठा ३५० जीएसएम, काचेची भोकं ४० मिलिमीटर, मागे दोरी. कुलूप नाही केलं. गटातल्या एकानं आग्रह धरला होता, पण प्रदर्शनात किल्ली कोण सांभाळणार?

प्रदर्शनाच्या जागी दिवे पांढरेच हवेत. पिवळट दिव्याखाली चष्म्यातून सगळं शेवाळी दिसतं.

११ ऑगस्ट

सिंहासनाचं दालन. जादूगार डोरोथीला प्रचंड मुंडकं होऊन दिसतो, बुजगावण्याला सुंदर स्त्री, लाकूडतोड्याला भयंकर पशू, सिंहाला आगीचा गोळा. आम्ही पशू घेतला : हत्तीएवढा, डोकं गेंड्यासारखं, पाच डोळे, पाच लांब हात, पाच लांब सडपातळ पाय, अंगभर दाट लोकर. ते पाच-पाच मोजून काढले, इथे सूट नाही.

प्रश्न वेगळाच आला. पुढे कळतं की तो पशू म्हणजे एकत्र शिवलेली कातडी आणि आत फळ्या. मग चित्रात टाके दाखवायचे का? लाकूडतोड्याला तेव्हा ते दिसत नाहीत. पुस्तकात पानं क्रमानं उलटतात, भिंतीवर आठही चित्रं एकदम समोर असतात. त्या पानापुरतं इमान राखलं तर शेवटाशी बेइमानी, उलट केलं तर भीतीच जाते.

टाके काढले, पण रंगात नाही. सगळ्यात शेवटी ग्लॉस वार्निशची एक स्क्रीन, मेश ९० टी, मॅट काळ्यावर. समोरून काहीच दिसत नाही, बाजूला सरकलं की टाके आणि फळ्यांच्या कडा चमकतात. वार्निश एकाच ओढीत घ्यायचं. दुसरी ओढ दिली की बुडबुडे धरतात. खालचा काळा मॅट हवा. त्यात ग्लॉस बेस असेल तर फरकच दिसत नाही. काचेच्या फ्रेममध्ये हा परिणाम निम्मा मरतो, तेव्हा हे चित्र काचेशिवाय लावायचं.

१९ ऑगस्ट

पश्चिमेची चेटकीण. प्रदेशरंग पिवळा. पट्टी नाही, कातडी हिरवी नाही. टोटो तिला चावतो तेव्हा रक्त येत नाही, कारण ती इतकी दुष्ट आहे की अंगातलं रक्त केव्हाच वाळून गेलंय. हे एक वाक्य चित्रकाराला पुरेसं आहे. कातडीला पिवळ्यावर पातळ तपकिरी, बेस ८० टक्के, कुठेही लालसर छटा नाही. छत्री ठेवली, मजकुरात ती छत्रीनंच टोटोला मारते. एकच डोळा कपाळाच्या मध्ये काढायचा की दोनांपैकी एक मिटलेला, यावर मतं फुटली. मजकूर दोन्हीला जागा देतो. कपाळाच्या मध्ये काढला की ती दुसऱ्याच कुठल्या पुराणातली वाटते, म्हणून एक खोबण सपाट, सुरकुतलेली ठेवली.

२७ ऑगस्ट

क्रमांक आणि सह्या पेन्सिलनं खाली डावीकडून : प्रत, शीर्षक, सही. प्रत्येक संचात एक पान जोडतोय. त्यावर चित्रागणिक दोन ओळी : यातलं काय मजकुरातलं, काय आमचं. नरसाळं का नाही, हे त्यात आधी लिहिलंय, कारण विचारणार सगळे तेच.

उरलेलं : चष्म्याच्या आणखी ४० जोड्या कापायच्या. सिंहासनाच्या वार्निशची स्क्रीन अजून धुतलेली नाही, ती वाळायच्या आत धुवायला हवी. चांदीच्या प्रती उभ्या ठेवायच्या नाहीत, आडव्याच, वर वजन न देता.